‘टेक’चे वतनदार

ठाण्याच्या आमच्या इंग्रजी शाळेत मी धाकटा मास्तर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी थोरल्या मास्तरांनी मला नाव विचारलं नाही, शिक्षण तर नाहीच नाही. वरपासून खालपर्यंत मला न्याहाळून ते म्हणाले, “तुम्ही कशाचे वतनदार?”

“कसलाच नाही,” मी म्हटलं. “कल्याणला घर आहे, तेही भाड्याचं.”

“शिकवणार काय?”

“गणित.”

“मग झालंच की. इंग्रजीतला ‘टेक’ म्हणजे वजा करणे. पाचातून दोन टेक केले, राहिले तीन. आजपासून हा अर्थ तुमचा. कुणी मागितला तर द्यायचा. न मागता कुणी वापरला तर माझ्याकडे तक्रार आणायची. जपून ठेवा.”

मी मान डोलावली. माणूस वेडा आहे अशी माझी खात्री झाली होती आणि संध्याकाळच्या गाडीने परत कल्याण गाठावं असं मनात येत होतं. गेलो नाही, हे माझं नशीब.

मास्तर तेव्हा पन्नाशी उलटलेले होते. धोतरावर अल्पाक्याचा काळा कोट, डोक्यावर जरीचा रंग उडालेली पगडी आणि काखेत छत्री. ही छत्री मी कधीच उघडलेली पाहिली नाही. पाऊस आला की मास्तर ती कोटाच्या आत धरून पळत सुटत. एकदा न राहवून मी कारण विचारलं. “उघडली तर मिटत नाही हो,” ते म्हणाले. “मग घेऊन कशाला फिरता?” “छत्री नसलेला मास्तर बरा दिसत नाही.”

तरुणपणी मास्तर मुंबईत एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकून होते. लांबलचक इंग्रजी शब्द त्यांनी रात्रंदिवस घोकून पाठ केले होते, पण साहेब समोर आला की तोंडून अक्षर फुटत नसे. आणि तो साहेब? त्याचं सगळं एकाच शब्दावर चाले. चहा घेतला तरी टेक, रजा घेतली तरी टेक, सामान नेलं तरी टेक, आजारी पडला तरी टेक. “तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला,” मास्तर सांगत. “हा मनुष्य एका शब्दाच्या जोरावर आमच्यावर राज्य करतोय. आम्ही मात्र शब्दांची पोती पाठीवर घेऊन त्याच्या दारात उभे.” त्यांनी नोकरी सोडली आणि शिकवायला लागले. एका शब्दाचा संसार मुलांना नीट थाटून दिला की बाकीचे शब्द त्याच्या घरी आपोआप जायला-यायला लागतात, असं त्यांचं मत होतं.

म्हणून आमच्या वरच्या वर्गात वर्षभर ‘टेक’ चाले. पण घोकंपट्टी मुळीच नव्हती. मास्तरांनी त्या शब्दाच्या अर्थांची चक्क वतनं करून मुलांना वाटून दिली होती. एकाकडे पकडणे, एकाकडे नेणे, एकाकडे औषध पिणे, एकाकडे निरोप घेणे. ज्याचं वतन, त्याने आपल्या अर्थाची वाक्यं जमवायची, त्याच्यासारखे दुसरे इंग्रजी शब्द हुडकून काढायचे, त्याची निगा राखायची. त्या दुसऱ्या शब्दांना मास्तर ‘भाऊबंद’ म्हणत. ‘कॅरी’ हा नेण्याचा भाऊबंद, ‘सीझ’ हा पकडण्याचा. “भाऊबंद म्हटले की ते दिसायला सारखे असणार आणि एकमेकांत भांडणार,” ते सांगत. “तुमचं काम भांडण मिटवायचं नाही. कोण कशावर भांडतोय ते ओळखायचं.”

नियम एकच होता आणि तो दगडावरची रेघ होता. दुसऱ्याचा अर्थ वापरायचा असेल तर त्याच्याकडे तोंडाने मागायचा. त्याने “घे” म्हटलं की वापरायचा. भाऊबंदही मूळ घरातच राहणारे, त्यामुळे त्यांनाही तीच परवानगी. वतनदार गैरहजर असला तर सकाळी प्रार्थनेआधी दोघांनी त्याच्या घरी जायचं, विचारायचं आणि मगच वर्ग पुढे सरकायचा. याचा परिणाम असा की आमच्या शाळेत कुणी उगाच घरी राहत नसे. अंगात ताप असला तरी मुलगा अंथरुणातून ओरडून “घे” म्हणे, आणि त्या दिवसापुरता आपण वर्गाला लागतो आहोत या आनंदाने अर्धा ताप उतरे.

मास्तरांच्या मागच्या खोलीत मी राहत असे आणि त्यांच्याच पंक्तीला जेवत असे. मास्तरांच्या पत्नींना, म्हणजे सगळ्यांच्या काकूंना, इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण वतनातून त्याही सुटल्या नव्हत्या. ‘टेक’चा ‘सहन करणे’ हा अर्थ त्यांच्या नावावर होता.

“इतक्या अर्थांतून हाच माझ्या वाट्याला का आला, ते मी विचारलं नाही, भाऊजी,” आमटी वाढता वाढता त्या मला म्हणाल्या. “विचारायची गरजच पडली नाही.”

मास्तर पाटावरून हसत. पण तो अर्थ वर्गात काढायचा असला की शाळेत निघण्यापूर्वी ते खरोखरच स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहत आणि म्हणत, “आज तुझा लागणार आहे. देतेस का?” काकू चुलीतून डोकं न काढता सांगत, “विहिरीचं पाणी भरून ठेवा, मग देते.” आणि मास्तर पगडी काढून पाणी भरत. त्या घरात मी जेवढा हसलो, तेवढा पुढे माझ्या स्वतःच्या घरात हसलो नाही. हे मी माझ्या बायकोसमोरही बोललो आहे.

वर्गात तंटेही होत. आमच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष एक नामांकित वकील होते. त्यांचा मुलगा वरच्या वर्गात होता आणि ‘किल्ला घेणे’ हा अर्थ त्याच्याकडे होता. मोठा रुबाबदार अर्थ, आणि तो वागवायचाही तसाच. एके दिवशी वाक्य आलं की पोलिसांनी चोर ‘टेक’ केला. ‘पकडणे’वाला उभा राहिला, तो माजिवड्याच्या एका दुकानदाराचा मुलगा. “हा माझा.” वकिलांचा मुलगा म्हणाला, “तुझा कसा? पोलीस म्हणजे सरकार. सरकार घेतं ते जिंकून घेतं.” झालं. मास्तरांनी फळा पुसला, सगळ्यांना बाहेर चिंचेखाली नेलं आणि रीतसर पंचायत बसवली. साक्षीदार झाले, उलटतपासणी झाली. मला पंच म्हणून बसवलं होतं. मी गणिताचा माणूस, मला वाटलं अर्धा अर्धा करून टाकावा. तसं म्हटल्यावर दोन्ही पक्ष माझ्यावरच तुटून पडले.

शेवटी मास्तरांनी निवाडा दिला. चोर एकटा असला आणि हाताने धरला असला, तर तो ‘पकडणे’चा. हत्यारबंद टोळी असली आणि तिला घेरून आणली असली, तर ती ‘किल्ला घेणे’ची. दोघेही समाधानाने घरी गेले. या पंचायतीपायी आठवडाभर दुसरा धडा झाला नव्हता, ही गोष्ट निराळी.

कोपरीच्या एका आगऱ्याचा मुलगाही त्या वर्गात होता. बाप मिठागरात कामाला. मुलगा अंगाने थोराड आणि बोलायला थोडका. त्याच्याकडे ‘समजणे’ हा अर्थ होता. साहेबलोक ‘तुझं म्हणणं मी टेक केलं’ म्हणतात ना, तो. एवढा वजनदार अर्थ त्यालाच का दिला, असं मी विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, “पहिल्या दिवशी मी तासभर बोललो आणि विचारलं, समजलं का? सगळे म्हणाले, हो. हा एकटा म्हणाला, नाय. मग समजण्याचं वतन आणखी कुणाला देणार?”

पण यावरूनच कुरबुर सुरू झाली. वकीलसाहेबांच्या कानावर गेलं की आपला मुलगा सकाळी उठून कोपरीच्या आगरी पाड्यात जातो आणि अंगणात उभा राहून एका शब्दाची परवानगी मागतो. शिवाय वर्ष सरत आलं तरी पोरं एकाच शब्दात. कमिटीची बैठक भरली. वकील म्हणाले, “मास्तर, तुमचा मान आहे. पण ही शाळा ग्रँटवर चालते. इन्स्पेक्टरसाहेब यंदा इंग्रजीची परीक्षा घेतील. वर्ग कसोटीला उतरला तर ठीक. नाही तर पुण्याचे एक गृहस्थ यायला तयार आहेत, व्याकरण पक्कं शिकवतात. तुम्हाला मोकळं व्हावं लागेल.” कमिटीचा पत्रव्यवहार मी पाहत असे. त्या गृहस्थांना ‘परीक्षा झाल्यावर कळवतो’ असं मीच लिहिलं.

मास्तर घरी आले ते नेहमीसारखेच हसत. काकूंनी मात्र मला मागच्या दारी गाठलं. “भाऊजी, ह्या वयात यांना दुसरीकडे कोण घेईल? मुंबईच्या पेढीवर पुन्हा जाणार नाहीत. तुम्ही सांगून पाहा, परीक्षेपुरता तरी तो नियम गुंडाळून ठेवायला.”

मी सांगून पाहिलं. मास्तर म्हणाले, “मी दिलेल्या वस्तू आहेत त्या. दिलेल्या वस्तू परीक्षेपुरत्या परत मागायच्या?” त्यांचा मला तेव्हा भयंकर राग आला. आत्ता हे लिहितानाही थोडा येतो आहे.

इन्स्पेक्टरसाहेब गोरे, उंच, तांबड्या मिशांचे. ते पुढच्या आठवड्यात येणार होते. पण कल्याणला निघालेले असताना मधेच ठाण्याला उतरले आणि वर्दी न देता सकाळी प्रार्थनेआधीच शाळेत हजर झाले. धावपळ उडाली. वकीलसाहेबांना घरून बोलावून आणलं. मी वर्गावर नजर फिरवली. ‘समजणे’ची जागा रिकामी होती. मिठाची काढणी चालू होती, चुलता तापाने आडवा झालेला, म्हणून बापाने पोराला आगरात उतरवलं होतं. सकाळी दोघे त्याच्याकडे जायचे, तेही साहेबांच्या गडबडीत राहून गेलं होतं.

परीक्षा सुरू झाली आणि सुरुवातीला मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. साहेब एकाला विचारी आणि उत्तराला उभा राही भलताच, ज्याचं वतन तो. पण उत्तर असं खणखणीत देई, मागे भाऊबंदांची रांग लावून, की साहेबाची भुवई वर चढायला लागली. माजिवड्याचा मुलगा पकडण्यावर सुटला तो थांबेनाच. वकिलांच्या मुलाने किल्ला घेतला. मध्येच साहेबाने वजाबाकीचं वाक्य टाकलं. सगळा वर्ग माझ्याकडे वळून बघायला लागला. मी घाईघाईने “घ्या, घ्या” म्हटलं आणि काम भागलं.

साहेब खूश झाला. खुर्चीत रेलून त्याने एक लांब प्रश्न विचारला आणि शेवटी सहज म्हणाला, “डू यू टेक माय मीनिंग?”

सगळी पोरं त्या रिकाम्या जागेकडे बघायला लागली.

साहेबाला वाटलं, लांब प्रश्न कळला नसेल. मग तो शेवटच्या वाक्यावरच आला. यातल्या ‘टेक’चा अर्थ काय? एकालाही तोंड उघडेना. त्याने वकिलांच्या मुलाकडे बोट केलं. मुलगा उभा राहिला, बापाकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि म्हणाला, “इट इज नॉट माइन, सर.”

“व्हॉट?”

“नॉट माइन, सर.”

साहेबाच्या कपाळावर आठी पडली. त्याने दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. प्रत्येकाचं तेच. वकीलसाहेब लालबुंद. आपला मुलगा चारचौघांत मुका उभा, आणि मास्तरांबद्दल आपण म्हणत होतो ते खरं ठरलेलं. आनंद मानावा की शरम, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

मी मास्तरांच्या कानाशी गेलो. “अहो, तुम्ही एक शब्द बोला. म्हणा, आज मी देतो. पोरं धडाधडा सांगतील.”

मास्तरांच्या पगडीखालून घाम ओघळत होता. “माझ्याकडे आहे का तो?” ते पुटपुटले. “मी कसा देऊ?”

मग ते पुढे झाले आणि त्यांनी साहेबाला सगळी रीत सांगितली. वतनं, भाऊबंद, परवानगी, सगळं. इंग्रजी सरळ, घरगुती, कुठेही न अडखळता. पेढीवर ज्याला अक्षर फुटत नव्हतं, तो माणूस आपली नोकरी जाताना इतकं सुरेख बोलत होता.

साहेबाने ऐकून घेतलं. त्याने पूर्वी इनाम-वतनांच्या चौकशीवर काम केलं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. ‘वतन’ या शब्दाने त्याला आयुष्यात बराच त्रास दिलेला असावा. त्याने मराठीत विचारलं, “टो वटनडार आटा कोठे आहे?”

“कोपरीच्या आगरात, साहेब. मीठ काढतोय,” मास्तर म्हणाले.

साहेबाने घड्याळ पाहिलं आणि टोपी डोक्यावर घातली. “माझी कल्याणची गाडी आहे. स्टेशनच्या पलीकडेच कोपरी. चला.”

ती वरात ठाण्याने पुन्हा पाहिली नसेल. पुढे साहेब, मागे न उघडलेली छत्री घेतलेले मास्तर, त्यांच्यामागे घाम पुसणारे वकील, मग सगळा वर्ग, आणि शेवटी मी. बाजारातली माणसं दुकानातून बाहेर येऊन बघत होती. कुणीतरी मला विचारलंही, “कुणाला धरून नेतायत?” रूळ ओलांडून आम्ही बांधावर आलो. उन्हात मिठाचे ढीग असे चमकत होते की डोळे उघडे ठेववत नव्हते.

मुलगा लंगोटी लावून खाऱ्या पाण्यात उभा होता आणि लांब दांड्याच्या फळीने मीठ कडेला ओढत होता. एवढी माणसं बघून त्याचा बाप हात जोडून धावत आला. मुलगा जागचा हलला नाही.

“मास्तर, तुमी समदी इकरं कशी आयलाव?” त्याने विचारलं.

वकिलांचा मुलगा वहाणा काढून बांधाच्या टोकाशी गेला. “अरे, साहेबांना तुझा समजणे हवाय. परीक्षा आहे. देतोस का?”

“कोन वापरनार? साहेब का तू?”

“मी.”

त्याने फळी बगलेत धरली आणि थोडा विचार केला. मला तो विचार युगासारखा वाटला. गाडीची वेळ जवळ येत होती.

“घे,” तो म्हणाला. “पन भाऊबंद समदे सांग. एक पन सोरू नको.”

वकिलांचा मुलगा साहेबाकडे वळला आणि त्याने तिथे, भर उन्हात, आगराच्या बांधावर, त्या अर्थाचे सगळे भाऊबंद एका दमात ओळीने उभे केले. अंडरस्टँड, ग्रास्प, कॉम्प्रिहेंड, आणखी कितीतरी. वाक्यं दिली. कोण कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, तेही सांगितलं. मागून सगळा वर्ग ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर म्हणत होता. प्रत्येकाला येत होतं, अगदी प्रत्येकाला. पाण्यातला मुलगा कान देऊन ऐकत होता आणि एक भाऊबंद राहिला तेव्हा त्याने हाताने खूण केली. तोही आला.

साहेब मोठ्याने हसला. वर्ग परीक्षेत उतरला असं त्याने तिथेच मास्तरांना सांगितलं, त्यांचा हात हातात घेऊन हलवला, पाण्यातल्या वतनदाराला टोपी काढून सलाम केला आणि स्टेशनाकडे चालू लागला. मास्तर त्याला पोचवायला गेले आणि पोरं त्यांच्यामागे.

मास्तर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेवटपर्यंत ते त्याच शाळेत होते आणि ‘टेक’ झाल्यावर त्यांनी ‘मेक’ घेतला होता. पण माझ्या डोळ्यांसमोर ते येतात ते त्या बांधावरून पोरांच्या घोळक्यात लगबगीने जाताना.

मी मागे राहिलो होतो. वकीलसाहेब आणि त्यांचा मुलगा माझ्यापुढे चालत होते. वकीलसाहेबांनी दबक्या आवाजात विचारलं, “तुला वर्गात येत होतं?”

“हो, बाबा.”

“सगळं?”

“हो.”

“मास्तरांची नोकरी चालली होती. माझी मान खाली गेली होती. साहेबासमोर तू अडाणी ठरत होतास. एक शब्द बोलायचा होता. का नाही बोललास?”

मुलगा वहाणा हातात धरून चालत होता. त्याला प्रश्नच विचित्र वाटला असावा.

“तो माझा नव्हता ना, बाबा.”

वकीलसाहेब चालता चालता थांबले. त्यांची सगळी उमर ठाण्याच्या कोर्टात शेताच्या, बांधाच्या, आगराच्या तंट्यांत गेली होती. ‘हे माझं’ म्हणणारे त्यांच्याकडे रोज येत, कागद घेऊन, साक्षीदार घेऊन, शपथा घेऊन. मुलगा पुढे निघून गेला तरी ते तिथेच उभे होते. मी जवळ पोचलो तेव्हा त्यांनी उपरण्याने चेहरा पुसला. तो नुसता घाम नव्हता.

“त्या पुण्याच्या गृहस्थांना आजच लिहा,” ते मला म्हणाले. “म्हणावं, आमच्याकडे जागा रिकामी नाही.”